मॅटवरचा नारळ

दिंडोशीच्या शाळेत मी कबड्डीची स्टार होते. मी चढाईला निघाले की समोरच्या मुलींची तोंडं पडायची. बाबा मात्र याचं सगळं श्रेय स्वतःच्या नारळाला द्यायचे. ते पक्के मालवणी. प्रत्येक मॅचआधी मैदानाच्या कडेच्या दगडावर नारळ फोडायचे, मगच मला आत सोडायचे.

त्याच खेळावर मला अंधेरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे माती नाही, हॉलमध्ये मऊ मॅट. पहिल्याच मॅचला बाबा पिशवी घेऊन हजर.

मी म्हटलं, "बाबा, इथे नको ना, इज्जत जाईल माझी."

"गप ऱ्हव. नारळाशिवाय खेळ सुरू व्हता काय?"

हॉलमध्ये दगड कुठला? कोणी अडवायच्या आत त्यांनी मधल्या रेषेपाशी मॅटवरच नारळ आपटला. तो फुटतोय कसला! टुणकन उसळला आणि घरंगळत थेट समोरच्या संघात घुसला. कोपऱ्यातल्या धिप्पाड मुलीने सवयीने झेप घेऊन त्याची पकड केली. हॉलभर शिट्ट्या. मग तिने तो अदबीने बाबांना आणून दिला.

पुढची चढाई माझी. तिनेच माझा घोटा धरला, बाकीच्या अंगावर पडल्या, आणि मधली रेषा हातभर लांब राहिली.

घरी येईपर्यंत मी बाबांवर डाफरत होते. त्यांनी शांतपणे पिशवीतून नारळ काढून देवापुढे ठेवला.

"ह्यो तरी परत इलो," ते म्हणाले.