अकरा पहिल्या ओळी

देवरीच्या बाजूला एका शाळेत केशोराव हेडमास्तर होते. चाळिशी उलटल्यावर घरी अभ्यास करून त्यांनी एम.ए. केलं आणि एकोणपन्नासाव्या वर्षी नागपूरच्या एका प्राध्यापकांकडे डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलं. विषय होता धानाच्या रोवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी. तीन अध्याय झाले होते. चौथ्यात खुद्द गाणी हवी होती, पूर्ण, आणि दिवाळीच्या आत. नाहीतर नाव कटणार होतं.

उन्हाळ्याच्या सुटीत ते चिचगडला फुलवंताकडे गेले. गावच्या रोवणीत पहिला सूर तिचाच. ती अंगणात मोहफुलं वाळवत होती.

"कोरड्या जमिनीवर मी रोवणीचं गाणं नाही म्हणत, गुर्जी. पाऊस रुसते."

केशोरावांनी समजावलं, विनवलं. ती मोहफुलं परतत राहिली.

आषाढात शाळा भरलेली. रजेचे दोन अर्ज परत आले, तिसऱ्यावर बिनपगारी चार दिवस मिळाले. सावित्रीबाई धोतराची घडी करताना नवऱ्याला म्हणाल्या, "हा अभ्यास लग्नाआधी केला असता, तं मी तरी दुसरं घर पाहिलं असतं."

चिचगडला ते वही घेऊन शेताच्या धुऱ्यावर, कोरड्या बांधावर, उभे राहिले. चिखलात वीस बाया वाकलेल्या. कोणी गाईना.

"काऊन गुर्जी, कागद रोवाले आले का?" फुलवंता म्हणाली. "उभ्या माणसासमोर आमी गात नाही. उतरा खाली."

ते उतरले. हातात रोपांची पेंडी आली आणि सूर उठला, साचल्या पाण्यावरून वारा सरकावा तसा. पण हात कोपरापर्यंत चिखलात. पेन्सिल कशानं धरावी? एक ओळ ओठांवर घोळवत ते धुऱ्याकडे धावत, हात पुसून लिहीत. परत येईपर्यंत गाणं पुढं गेलेलं असे.

"पुन्हा म्हण ना, बाई."

"रोवलेलं उपटून पुन्हा रोवू का?"

चार दिवसांत अकरा गाण्यांच्या अकरा पहिल्या ओळी झाल्या. घरी चाल आठवे, शब्द आठवेनात. उरलेल्या ओळी आपणच जुळवाव्या, असंही एकदा मनात आलं. नागपुरात कोणाला कळणार होतं? पण फुलवंताच्या तोंडी आपले शब्द घालायला हात धजेना. चिडून त्यांनी दौतीचं झाकण लावलं.

दिवाळीआधी प्राध्यापकांचं पत्र आलं: पुढच्या ओळी कुठे आहेत? केशोरावांनी आषाढापर्यंत मुदत मागितली. ती नियमात बसली नाही. नाव कटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी पुढच्या आषाढातल्या चार दिवसांच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारणाच्या जागी काय लिहावं, ते मात्र सुचेना.