उन्हातला नमुना
तापलेल्या पत्र्याचा वास आला, की मला रावेरचं ते दुकान आठवतं. घरावर नवे पत्रे टाकायचे होते आणि वडिलांना लाल रंगच हवा होता, रस्त्यावरून उठून दिसणारा. आई पांढरा म्हणत होती, कारण अंथरुणाला खिळलेले आजोबा दिवसभर त्याच छपराखाली असायचे. वडील चारचौघांत ओरडले, "तुले काय समजते?" आईनं मे महिन्याच्या उन्हात ठेवलेल्या लाल नमुन्यावर तळहात टेकवला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. हात काही उचलेना. शेवटी वडिलांनीच तिचं मनगट धरून हात ओढला, भाजलेला तळवा पाहिला आणि म्हणाले, "पांढरेच द्या, भाऊ." काल माझ्या मुलानं आमच्या छपरासाठी मोबाइलवर रंग दाखवले. मी विचारलं, "यावर हात कुठं टेकवायचा?"