मेक्सिकोला आई जाणार होती

मेक्सिकोचे फोटो मी कुणाकुणाला दाखवले नाहीत ते विचारा! कॉलेजात, ऑफिसात, पार्लरमध्ये, शेजारच्या काकूंच्या भिशीत सुद्धा. निळाशार समुद्र, कड्यावर दगडाची जुनी पडकी देवळं, आणि त्यांच्यासमोर मी — केस उडतायत, गॉगल डोक्यावर. सगळे म्हणतात, काय नशीब आहे गं तुझं! आणि मी हसते. पण त्या ट्रिपमधली एक गोष्ट आजपर्यंत माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. माझ्या जिवलग मैत्रिणीसमोरही नाही, आणि तिला मी जेवणात मीठ जास्त झालं तरी फोन करून सांगते. आज पटापट टाईप करतेय, कारण थांबले की सगळं पुसून टाकेन.

तर — कुठून सुरू करू?

पप्पांपासून. पप्पांचं विंचूरला कृषी सेवा केंद्र आहे. म्हणजे बियाणं, खतं, कांद्यावर-द्राक्षावर फवारायची औषधं. माझ्या शाळेसाठी आम्ही नाशिकला राहायला आलो, पप्पा रोज जाऊन-येऊन करतात. या धंद्यात असं असतं की विक्रीचं टार्गेट पूर्ण केलं की औषधांची कंपनी डीलरला, म्हणजे दुकानदाराला, बक्षीस देते. आम्हाला आधी कुकर मिळाला, मग टीव्ही, आणि त्या वर्षी थेट मेक्सिकोची ट्रिप. समुद्राला लागून रिसॉर्ट, आणि जवळच मायन लोकांची शेकडो वर्षांपूर्वीची देवळं. डीलर आणि त्याची बायको, अशी जोडीने ट्रिप.

म्हणजे आईने जायचं होतं. आईने. हे आधी लिहून टाकते.

आई सिन्नरची. गोंदेश्वराचं देऊळ तिच्या माहेराजवळच, ती त्या दगडांवर खेळून मोठी झालीये. पप्पांनी कंपनीचा व्हिडिओ दाखवला तेव्हा स्विमिंग पूल, नारळाची झाडं, पांढऱ्या गाद्या — तिने काही बघितलंच नाही. ती त्या देवळांवर अडकली.

"अगं बया, ही तर आपल्या गोंदेश्वराची भावंडं! अन् मागं समुद्र! अहो, यांनी मधी चुना भरला असंल का नुसता दगडावर दगड?"

"तूच जाऊन बघ. विचार तिथल्या पुजाऱ्याला."

"त्याला मराठी येतंय व्हय?"

"तू बोलायला लागलीस की शिकंल बिचारा. आम्ही नाय का शिकलो गप बसायला?"

किती हसलो होतो आम्ही तिघं! पप्पा तर असे खूश होते की जणू ती देवळं त्यांनीच बांधलीत.

मग तिची तयारी सुरू झाली. साडीवर स्पोर्ट्स शूज घालून जॉगिंग ट्रॅकवर चालायला जायची, तिथे खूप चालावं लागेल म्हणून. मेन रोडवरून एक हॅट आणली — मोठी, पिवळसर, लाल रिबीनवाली. भाजीवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं, आम्ही मॅक्शिकोला चाललो. हो, मॅक्शिको. तिला तसंच म्हणता यायचं. माझ्या मैत्रिणी घरी आल्या तेव्हा त्यांनाही सांगत बसली, "तिकडं ऊन लय हाय म्हणत्यात." त्यातली एक खाली बघून हसली. अगदी बारीक. आईला दिसलं नाही.

मला दिसलं.

मला जायचं होतं, हे खरंच आहे. माझा फोन तिथल्या रील्सनी भरला होता, कुठल्या भिंतीपुढे उभं राहायचं ते सुद्धा ठरलेलं. पासपोर्ट होता, परीक्षा संपल्या होत्या. आणि बायको येणार नसेल तर मुलगा-मुलगी चालेल असं कंपनीचा माणूस म्हणाला होता. कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होते — हावरटपणा झाला माझ्या हातून. हावरटपणा ऐकायला किती सोपा वाटतो ना? लहान होते, मोह झाला. पण तेवढंच होतं का? नव्हतं. तुमच्याशी तरी खरं बोलते.

नावं द्यायची होती त्याच्या आदल्या दुपारी आई आरशासमोर हॅट घालून उभी होती. सुती साडी, डोक्यावर हॅट, डोळ्यांवर पप्पांचा गॉगल. वळून म्हणाली, "कशी दिसते गं?"

आणि मी म्हटलं, आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?

मग मी सांगितलं की पप्पा फोनवर कुणाशी तरी बोलत होते. म्हणत होते, हिला नेलं तर चारचौघांत माझी लाज जाईल. हिला धड बोलता येत नाही. लोक हसतील.

पप्पा असं काही म्हणाले नव्हते. कधीच नाही. कुणालाच नाही. ते शब्द माझे होते. ती लाज माझी होती. मैत्रीण हसली त्या दिवसापासून माझ्या पोटात बसलेली. मी फक्त ती उचलून पप्पांच्या तोंडी घातली. आणि गंमत बघा — पप्पाही आईसारखंच बोलतात, हाय-नाय, लय. त्यांचं मला कधी काही वाटलं नाही. तिचंच का वाटायचं? मला अजून माहीत नाही.

ती रडली असती तर कदाचित मी बोलले असते. आधी तिने गॉगल काढला. मग हॅट. हॅट परत पॉलिथीनच्या पिशवीत घातली, रिबीन चुरगळू नये म्हणून नीट बसवून. आणि म्हणाली, "बरं झालं तू सांगितलंस. उगा गेले असते." मग दारापर्यंत जाऊन परत आली. "मला कळलंय हे त्यांना नको सांगू हां. त्यांना वाईट वाटंल."

बघितलंत? माझं खोटं तिनेच झाकून ठेवलं. मला काही करावंच लागलं नाही.

संध्याकाळी जेवताना ती पप्पांना म्हणाली, मला इमानाचं भ्या वाटतं, पोरीला न्या. पप्पांना आधी मस्करी वाटली. मग त्यांनी समजावलं, मग चिडले, मग म्हणाले, "अगं, तुझ्यासाठीच तर टार्गेट ओढलं एवढं." ती ताटात बघून म्हणाली, "मला नाय जायचं तुमच्यासंगं." तिला 'विमानातून' म्हणायचं असेल. किंवा नसेल. पप्पा उठून हात धुवायला गेले ते बराच वेळ बेसिनपाशीच उभे होते. मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले होते. मी भात संपवला.

आणि मी गेले! मजाही केली, ते पण सांगते. पण पहिल्याच दिवशी, मुंबईच्या विमानतळावरच मला कळलं होतं. बाकीच्या डीलरांच्या बायका — निफाडच्या, येवल्याच्या, संगमनेरच्या — सगळ्या तश्शाच बोलत होत्या! कुणी साडीत, कुणी मुलीची जीन्स चढवून, कुणाच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी. कंपनीने स्वयंपाकाला महाराजही सोबत नेला होता. तिथे पोचल्यावर येवल्याच्या एक काकू साडी खोचून सरळ समुद्रात शिरल्या आणि ओरडायला लागल्या, "अहो, धरा की मला, लाट लय मोठी हाय!" त्यांचे मिस्टर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून धावले. कुणाची लाज गेली? कुणाचीच नाही. त्यांनीच मला विचारलं, "तुझी आई का नाय आली गं?" मी म्हटलं, विमानाची भीती वाटते. "येडी का काय! माझ्याशेजारी बसली असती. दोघींनी डोळे मिटून घेतले असते."

तेव्हा फोन करता आला असता ना आईला? आला असता. मी त्या काकूंना सांगितलं, माझा एक फोटो काढा.

रिसॉर्टच्या किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग येऊन पडायचे, वास मारायचा, आणि तिथली माणसं हातगाड्या भरून ते उचलायची. सगळे नाक दाबून चालायचे, पप्पा मात्र वेडेच झाले. असल्याच शेवाळाचं टॉनिक बाटलीत भरून आम्ही द्राक्षाला विकतो. त्यांनी मूठभर हातात घेतलं आणि म्हणाले, "हे तुझ्या आईला दाखवायला पाहिजे होतं. गिऱ्हाइकाला पटवून पटवून थकती ती, समुद्रातलं हाय म्हणून." बाजाराच्या दिवशी दुकानात आई बसते. कुणी नाही ऐकलं की ती शेतकऱ्यालाच दम देते. पप्पा ते शेवाळ हातात घेऊन किती वेळ उभे होते. टाकायचं कुठे ते कळेना.

मग ती देवळं. प्रचंड ऊन, दगडांवर मोठाल्या घोरपडी पसरलेल्या — पप्पा घोरपडच म्हणत होते, गाइडने किती वेळा इग्वाना म्हटलं तरी. बाकीची मंडळी कड्याखालच्या समुद्राकडे धावली. पप्पा भिंतीपाशी वाकून बसले. मोबाइल दगडांच्या फटीजवळ धरून व्हिडिओ काढत होते. "हे बघ. मधी चुना हाय बरं का. पण तुला जास्त कळंल." व्हिडिओ आईला पाठवला. तिचा अंगठा आला. नुसता अंगठा. माझी आई, जी फोन ठेवता ठेवता अजून चार गोष्टी सांगते!

पप्पा तो अंगठा बघत राहिले. मग समुद्राकडे बघून म्हणाले, "कंटाळली असंल माझ्यासंगं. सगळं आयुष्य दुकान दुकानच केलं मी."

तो क्षण होता. आम्ही दोघंच होतो, बाकी कुणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी म्हटलं, "पप्पा, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." तुम्ही बघितलाय तो फोटो, म्हणजे बघितला असता, मी सगळ्यांनाच दाखवते. केस उडतायत तो.

परत आल्यावर आई सगळ्यांना सांगायची, मीच नको म्हटलं. मला नाही आवडत असलं फिरणं. "नाही." बघा — "नाय" नाही. माझ्या आईने हळूहळू बोलणंच बदललं. पप्पांचे मित्र आले की आधी मध्ये बसून गप्पा हाणणारी बाई चहा ठेवून आत जायला लागली. कंपनीच्या जेवणाला जाणं बंद केलं. आणि कधीतरी स्वयंपाकघरात हळूच मला विचारते, "मगाशी त्यांच्यासमोर मी बरोबर बोलले का गं?" मी म्हणते, हो आई. पप्पांना वाटतं वयामुळे शांत झाली. ते तिला बाहेर चल म्हणायचं हळूहळू सोडत गेले. भांडत नाहीत दोघं. भांडायला तरी पाहिजे होतं.

याला चार वर्षं झाली. यंदा पुन्हा टार्गेट झालं. बाली. समुद्रही आहे, देवळंही आहेत. मला वाटलं, आता पप्पा तिला विचारतील. त्यांनी मला विचारलं. आई दळण आणायला गेली होती तेव्हा, आवाज खाली ठेवून. "तू अन् आई जा दोघी. माझ्यासंगं नाय यायचं तिला. तुझ्यासंगं येईल." मी आईला सांगितलं तर ती लगेच हो म्हणाली. लगेच! इतकी खूश मी तिला कितीतरी दिवसांनी बघितली. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, मज्जा करू.

काल तिने कपाटावरून ती हॅट काढली. त्याच पॉलिथीनमध्ये होती, रिबीन अजून कडक. आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता बरी दिसते का?"

मी काही म्हणायच्या आत पप्पांचा आवाज आला. ते दारात उभे होते, दुकानातून नुकतेच आलेले, चप्पल पण काढली नव्हती. म्हणाले, "चांगली दिसतीस की. लय चांगली."

आईने पटकन हॅट काढली. आणि माझ्याकडे बघितलं — आपल्या दोघींनाच माहीत असलेल्या गोष्टीवर बघतात ना, तसं. बघ गं, माझं मन राखायला म्हणतायत, असं.

मी पण तिच्याकडे बघून हसले.