टोपाखालचं तोंड

माझा धंदा कवळ्या करायचा. दातांचा डॉक्टर वेगळा. पाटीवर नाव त्याचं, तोंडात बघायचं काम त्याचं आणि 'छान बसली हो' ही शाबासकीही त्याचीच. मागच्या खोलीत मेणाच्या हिरड्या कोरत, उकळत, घासत बसलेला जो असतो तो मी. सांगलीत हळदीच्या वखारींमागच्या बोळात मी ऐन विशीत या कामाला लागलो. जन्मभर लोकांना हसायला दात दिले आणि लोक मला घुम्या म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांचं चुकत नाही.

पेशंट बसतात त्या बाकावर जुनी इंग्रजी मासिकं पडलेली असत. त्यातल्या एकात चंद्रावरच्या शिपायांचं रंगीत चित्र होतं. फुगलेला चंदेरी पोशाख, पाठीवर हवेची टाकी, डोक्यावर उपड्या घागरीसारखा टोप, हातात आखूड बंदूक. माणूस तेव्हा नुकताच आभाळात एक फेरी मारून खाली आला होता, आणि या चित्रवाल्यांनी तिथल्या लढाईची तयारीही करून ठेवली होती. मी ते पान फाडून घेतलं. डॉक्टर ओरडले. मी पान परत दिलं नाही.

त्या वर्षी दिवाळीला दादा सुट्टीवर येणार होता. दादा माझा थोरला भाऊ, पलटणीत. आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं त्याचं कुणाला विशेष नव्हतं. विशेष होतं ते त्याच्या किल्ल्याचं. दिवाळीतला मातीचा किल्ला पोरांनी करायचा असतो. आमच्या घरात तो दादा करायचा. लग्नानंतरच्या त्या पहिल्या दिवाळीलाही तो कोपरापर्यंत चिखलात बसला होता. शेजारचे म्हातारे हसले, "आरं, लगीन झालं की रं तुजं!"

"म्हनून तर किल्ला पायजे," दादा म्हणाला. नवी वहिनी दारामागं तोंडात पदर धरून हसत होती.

किल्ल्यावर ठेवायला मी येताना साताऱ्याच्या बाजारातून कुंभाराचे मावळे घेतले होते, बोटभर उंचीचे. घरी बसून त्यांचे चंद्रावरचे शिपाई केले. पगडी कानशीनं घासली. हातातली ढाल कापून मेणानं पाठीवर चिकटवली, तिची झाली हवेची टाकी. भाल्याची बंदूक केली. मग कवळीचीच रीत. त्या मावळ्याभोवती प्लास्टरचा साचा, साच्यात गुलाबी पावडर आणि लिक्विड कालवून केलेला गोळा, आणि पितळी डबा बंद करून चुलीवर उकळायचा. आईचं भाताचं पातेलं मी त्यासाठी घेतलं. त्या लिक्विडचा वास दोन दिवस भाताला येत होता. साचा फोडून शिपाई बाहेर काढले तेव्हा ते हिरड्यांसारखे गुलाबी निघाले. आई म्हणाली, "ही काय उंदराची पिल्लं काडलीस?" मग त्यांना चंदेरी रंग दिला.

दादानं त्यांना अंगणात रांगेत उभं करून तपासलं. "ह्यो बंदूक अशी धरतोय? ह्याला पयल्याच दिशी कोंडून घालतील." एकेकाला उचलून उलटा करून तो पाय बघायला लागला. "आन् ह्ये रं काय? चंद्रावर थंडी असंल का न्हाई? जाड बूट दे गड्या. बंदूक नसली तर चालंल, शिपायाला बूट पायजे."

मी सगळ्यांच्या पायांना मेण चढवून जाड बूट केले. तेव्हा मला त्याच्या बोलण्याची गंमत वाटली होती.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला चीनची लढाई लागली. दादा वर बर्फात होता. लढाई थांबली, शेजारपाजारच्या काही घरांत तारा आल्या. आमच्याकडं तार आली नाही. पत्र आलं, तेही उशिरा, इंग्रजीत. शाळेच्या मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बेपत्ता आहेत म्हणतायत."

"पत्त्या न्हाई मंजी?" आई म्हणाली. "पत्त्या तर हाय की आपल्याकडं." आणि आत जाऊन तिनं ट्रंकेतून दादाचं शेवटचं पाकीट आणलं. त्याच्या पाठीवर पलटणीचा पत्ता होता. ती ते मास्तरांच्या पुढं धरून उभी राहिली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

घरात दादाचे फोटो दोनच. एक लग्नातला, त्यात मुंडावळ्यांनी निम्मं तोंड झाकलेलं. दुसरा वर्दीतला, तळहाताएवढा. तो आई रोज पदरानं पुसायची. गेलेल्या माणसाचा फोटो पुसतात तशी नव्हे, घरी आलेल्या पोराचं तोंड पुसावं तशी, पदराला थोडं पाणी लावून. वर्षभरात त्या फोटोतले नाक-डोळे पुसले गेले. वर्दी मात्र स्पष्ट राहिली, छातीवरच्या बटणांसकट.

त्यानंतरच्या दिवाळीला मी सांगलीहून पाच शिपाई करून नेले. किल्ला कुणी करणार नव्हतं. का नेले, मला सांगता येणार नाही. हात मोकळे राहिले की डोक्यात नको ते येई, म्हणून रोज संध्याकाळी कवळ्यांची कामं संपल्यावर कोरत बसायचो. या वेळी मावळ्यांवरून नाही, मेणातून आख्खे मीच कोरले आणि साचा करून गुलाबी गोळ्यात उतरवले. टोप घालायचे राहिले होते. घरी चुलीपाशी घालू म्हणून गोळ्याचं सामान बरोबर घेतलं होतं.

वहिनीनं ते उंबऱ्यावर ओळीनं मांडले. बराच वेळ बघितले. मग म्हणाली, "भावजी, ह्ये समदे ह्येच हायती."

मी वाकून बघितलं. खरंच होतं. पाचही जणांना दादाचं तोंड होतं. मी ठरवून केलं नव्हतं. पाच महिने हात आपले आपण तेच करत होते आणि मला पत्ताच नव्हता. मला भयंकर शरम वाटली. चोरी पकडली गेल्यासारखं कानशी काढून मी तिथंच एकेकाचं तोंड घासायला लागलो. चार घासली. आज त्या कानशीचा मला राग येतो, तो हातांवर काढता येत नाही म्हणून. पाचवा वहिनीनं हिसकावून घेतला.

"ह्यांस्नी टोप घाला," ती म्हणाली. ती रडत होती. "थंडी लागंल."

मी घाईघाईनं गोळा कालवला आणि त्या तोंडावर दाबून टोप चढवला. समोर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावला, काच दिसावी म्हणून. उकळून काढला, घासला. सांधा कुठं आहे ते नखाला कळत नव्हतं. माझ्या हातचं इतकं चांगलं काम तोवर झालं नव्हतं.

वहिनीनं तो देवाजवळच्या कोनाड्यात ठेवला. पुढच्या वर्षी म्हणाली, "एकटं कसं ठिवायचं? जोडीला एक द्या. आसाच." मी होय म्हणालो. सांगलीत येऊन मेण हातात घेतलं आणि नाकापाशीच अडलो. नाक कसं होतं? रुंद की सरळ? चार वेळा कोरलं, चार वेळा वितळवलं. शेवटी तोंडाच्या जागी नुसता गुळगुळीत गोळा केला आणि वर टोप घातला. टोपाखाली कोण बघतंय? आमच्या धंद्यात दिसत नाही तिथं कुणी मेहनत घेत नाही. त्यानंतर दर दिवाळीला एक, असे एकूण सहा झाले. वहिनी रोज त्यांच्यापुढं दिवा लावायची.

मधे पाकिस्तानची लढाई झाली. वरच्या आळीतल्या एकीच्या नवऱ्याची तार आली. बाया तिचं कुंकू पुसायला गेल्या, वहिनीही गेली. परत आल्यावर चुलीपुढं बसून म्हणाली, "तिचं बरं हाय." आईनं ते ऐकलं आणि तिला रागावली नाही.

वहिनीचे वडील दर उन्हाळ्यात तिला न्यायला येत. भला माणूस. "आवं, पोर जळतीया हितं," म्हणत. दुसरं घर बघू, असंही आडून सुचवत. आईनं कधी अडवलं नाही. वहिनीच जायची नाही. दर वर्षी एकच बोलायची, "ह्ये आले आन् मी हितं नसले तर?" वडील चहा पिऊन कराडची गाडी धरत.

चंद्रावर माणसं खरोखर गेली त्या पावसाळ्यात मी घरी गेलो होतो. पंचायतीच्या रेडिओवर बातमी लागली होती, ती माणसं सुखरूप परत आली. मी घरी येऊन ते सांगितलं. शिपायांची सगळी चित्रं खोटी निघाली होती. तिथं लढायला कुणीच नव्हतं.

वहिनी भाकरी थापत होती. "तितनं बी आले?" ती म्हणाली.

"आले."

"समदे?"

"समदे."

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. हात धुतले. कोनाड्यातले सहाही शिपाई ओच्यात घेऊन ती माझ्यापुढं येऊन बसली, आणि हळू आवाजात, आईला ऐकू जाऊ नये असं बोलायला लागली.

"भावजी, परवा येस्टीतनं एक फौजी उतरला. ट्रंक घिऊन. मी पान्याला चालले व्हते. मला वाटलं, ह्येच. पळत गेले. म्होरं हुबी ऱ्हाऊन बगितलं." तिनं ओचा सावरला. "मला वळखाया आलं न्हाई. ह्ये हायती का न्हाईत, तेच कळंना. त्यानंच इचारलं, बाई, काय पायजे? तवा आवाजावरनं कळलं, न्हाईत."

तिनं ओच्यातला एक शिपाई उचलून माझ्यापुढं धरला.

"ह्ये खरंच आले आन् मी वळखलं न्हाई तर? मला एकदा त्वांड बगू द्या. तुमी आत केलंय ना, सहाच्या सहांत."

मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. घुम्या तो घुम्याच. तिनं वरवंटा घेतला, सगळ्यांत नवा शिपाई पाट्यावर ठेवला आणि टोपावर हाणला. टोप फुटला. आत गुलाबी गोळा. तिला वाटलं, ठोका जास्त लागला. दुसरा तिनं हलक्या हातानं फोडला. तिसरा. चौथा. पाचवा. कवळी फुटते तसा आवाज येत होता, तो मला चांगला ओळखीचा होता. तिचा हात प्रत्येक वेळी जास्त हलका पडत होता.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"दुसऱ्यापासनं."

"मंजी तुमी तवाच सोडून दिलं."

"सोडलं न्हाई वहिनी. इसरलो."

तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. सहावा, म्हणजे पहिला, तिनं हातात घेतला. "ह्यात हाय?"

"हाय. तुमच्या म्होरंच तर टोप घातला."

"मग काडा. तुमी काडा, माज्या हातनं फुटंल."

मी तो घेतला, आणि सांधा शोधायला लागलो. आमच्याकडं दोन गोळे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे कथलाचा वर्ख घालतात. साधी गोष्ट आहे, नवशिक्याला पहिल्या आठवड्यात सांगतात. त्या दिवशी ती समोर रडत होती आणि मी वर्ख घातला नव्हता. तोंड आणि टोप उकळून एकजीव झाले होते. फोडला तर नाकावरून फुटेल, घासला तर टोपाबरोबर तोंड जाईल. आत दादाचं तोंड होतं आणि ते कुणाला कधीच दिसणार नव्हतं. मी तिला हे जमेल तसं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. मग सांगा तरी. कोरलं तुमीच हाय. कसं हाय त्वांड?"

मी बोलायला तोंड उघडलं. कपाळ, म्हणालो. कपाळ मोठं होतं. पुढं काही येईना.

चुलीपाशी आई बसली होती. आम्हाला वाटत होतं तिला ऐकू जात नाही. ती तिथूनच कडाडली, "लाज न्हाई वाटत? माज्या ल्योकाचं त्वांड इसारलं दोगंबी? मी सांगते. मी जन्म दिलाय त्याला. नाक त्याचं आसं..."

तिनं हात वर केला, हवेत नाक दाखवायला. हात तसाच राहिला. मग तिनं तो खाली घेतला, पदराचं टोक धरलं आणि काही नसलेलं पुसायला लागली.

भाकरी तव्यावर करपली होती. वहिनीनं उठून ती काढली. पाच जणांचे तुकडे सुपलीत भरून उकिरड्यावर टाकून आली आणि राहिलेला एक कोनाड्यात ठेवला.

पुढच्या महिन्यात तिच्या निरोपावरून तिचे वडील आले तेव्हा ती त्यांच्याबरोबर गेली. आईनं तिची ओटी भरली. गाडीत चढताना ती मला म्हणाली, "भावजी, आले तर तुमीच वळखा."

मी मान हलवली.