मुंबईला नेलेलं धुणं

लातूर नवा जिल्हा झालं, कचेरीवर पाटी लागली, पण दुष्काळात नळाला पाणी येईना. म्हणूनच नणंदेचं पहिलं बाळंतपण माहेरी न होता मुंबईत, तिच्या सासरी झालं. बारशाला मी अन् सासूबाई निघालो. नणंदेनं कळवलं होतं, "इथं पावसाचा नेम न्हाई, जास्तीचे कपडे आणा."

सासूबाईंनी ट्रंकेत घरातलं सगळं मळकं धुणं भरलं, चादरींसकट. "तिथं पाणी लई हाय, धुऊन आणू." मी चिडले. पाहुणं म्हणून जायचं अन् मळके कपडे घेऊन?

नणंदेनं मात्र काही न विचारता बादली पुढं केली. धुणं झालं, पण वाळेना. ऊन बघून दोरीवर टाकावं, तर सर यायची. शेवटी ओलंच ट्रंकेत भरून निघालो.

कुबट वास येणार, या धास्तीनं मी घरी आल्याबरोबर अंगणात ट्रंक उघडली. आमच्या उन्हात सगळं घटकाभरात खडखडीत वाळलं, वासही गेला. माझा जीव भांड्यात पडला. ट्रंक पुसायला फडकं घेतलं, तर सासूबाईंनी हात धरला. तळाशी साचलेलं ओंजळभर पाणी त्यांनी तुळशीला घातलं.

"लेकीकडचं हाय," म्हणाल्या, "पुसून कसं टाकू?"