कोड नसलेला टोला

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, मोबाइलवरचे व्हिडिओ थांबवत थांबवत मी वेबसाइट बनवायला शिकले. नकाशावर पहिला ठिपका उमटला आणि बोट ठेवताच गावाचं नाव उघडलं, तेव्हा आईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं होतं. त्या जोरावर गडचिरोलीत लसीकरणाच्या फिरत्या गाडीचा नकाशा करायचं काम मिळालं, आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

आरोग्य कार्यालयातून गावांची यादी आली. नकाशा गावाला ओळखतो तो सरकारी कोडवरून. यादीतल्या कितीतरी टोल्यांना, म्हणजे मूळ गावापासून दूर जंगलात वसलेल्या वस्त्यांना, कोडच नव्हता. त्या ओळी लाल व्हायच्या आणि नकाशा उघडायचाच नाही. व्हिडिओतला मास्तर सांगायचा, आधी डेटा स्वच्छ करा. मी केला. लाल ओळी निवडल्या आणि पुसून टाकल्या. हात जरासुद्धा अडखळला नाही, याचा मला आजही संताप येतो.

कार्यालयातल्या साहेबांना नकाशा इतका आवडला की गाडीचे थांबे त्याच्यावरूनच ठरले.

नकाशाखाली माझा नंबर होता. पुढच्याच महिन्यात एटापल्लीकडच्या एका टोल्यावरच्या आशाताईंचा फोन आला. "म्याडम, गाडी काऊन नाई आली? बाया लेकरं घेऊन सकाळपासून बसून राह्यल्या."

मी गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं. "मी तं तिकडच्या ठिपक्यावर गेलतो," तो म्हणाला. "तिथी कोणीच नाई. रीठ गाव आहे ते." रीठ म्हणजे लोक कधीचे उठून गेलेलं, ओसाड. झुडपं आणि दोन पडक्या भिंती. पण दप्तरात त्याचा कोड शाबूत, म्हणून माझ्या नकाशावर ते झोकात मिरवत होतं, आणि हातीपायी धडधाकट माणसांचा टोला गायब! गाडी तासभर झुडपांपाशी उभी राहिली आणि वहीत सही करून परत आली.

मी साहेबांकडे गेले. चूक कबूल केली, टोला घालू द्या म्हटलं.

"कोड कुठंय?"

"साहेब, माणसं आहेत तिथं."

"असतील हो. कोडशिवाय थांबा मंजूर होत नाही. अर्ज करा, वर पाठवू."

लेकरांची लस काय त्या अर्जाची वाट बघणार होती? माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिथे चिटपाखरू नाही तिथे गाडी मंजूर, आणि जिथे बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्यात तिथे अर्ज!

मी घरी आले आणि रीठ गावाचा ठिपका उचलून टोल्यावर नेऊन ठेवला. नाव तेच, कोड तोच, फक्त जागा बदलली. कार्यालयात कोणाच्या लक्षातही आलं नाही. एवढं बारकाईने बघतंय कोण?

पुढच्या फेरीला गाडी टोल्यावर पोचली. मीही सोबत गेले होते. सुया टोचल्या, रडारड झाली, आणि मला फार बरं वाटलं. तिथे रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उघडून ठेवला होता. मोठ्या तोऱ्यात आशाताईंपुढे मोबाइल धरला. "बघा ताई, या इथं तुम्ही."

त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. नाव उघडलं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"हे तं उठून गेलेलं गाव आहे म्याडम," त्या म्हणाल्या. "आमी तं इथीच आहो."