मीठ फुटलेलं रान

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पन्हाळ्याच्या पायथ्याशी एक निवृत्त प्राध्यापक राहत. सगळे त्यांना सरच म्हणत. वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता त्यांना पर्माकल्चरचा नाद लागला, आणि आमच्या भागात तो शब्द मी तरी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. जंगलाला कुणी खत घालत नाही, तरी ते वाढतं. मग शेत जंगलासारखं का मांडू नये, एवढंच त्यांचं सांगणं. त्यांच्या बागेतल्या शिबिरांना बँकेतले, शाळेतले, एखाद-दुसरा खरा शेतकरी असे लोक यायचे. मी आणि माझा नवरा तिथेच भेटलो.

लग्नानंतर आम्ही शिरोळकडे त्याच्या वाटणीच्या रानात राहायला गेलो. चहूबाजूंनी ऊस. वरच्या अंगाला बारमाही पाणी सोडलेलं, ते झिरपून आमच्याकडे यायचं आणि उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पांढरा थर धरायचा. म्हणून तर भाऊबंदांनी ते रान खुशाल आमच्या गळ्यात घातलं होतं. सर येऊन आमच्याकडे राहिले. लाकडाची एक चौकट करून तिच्या मधोमध दोरीला दगड टांगला, आणि तिच्या आधाराने समपातळीची रेघ कशी काढायची ते नवऱ्याला शिकवलं. त्या रेघांवर आम्ही चर खणले, कडेने करंज, शेवगा, गिरिपुष्प लावलं. शेजारी उसाचं पाचट पेटवून देत, ते आम्ही मागून आणून अंथरायचो. वरच्या रानातले नवऱ्याचे काका बांधावर उभे राहून विचारायचे, ही शेती हाय का उकिरडा. पाचट मात्र कधी नाही म्हणाले नाहीत.

बरीच वर्षं काहीच दिसलं नाही. मग हळूहळू माती काळी झाली, गांडुळं आली. नवरा आल्यागेल्याचा हात धरून मातीत खुपसायचा. सर शिबिरातली माणसं घेऊन यायचे आणि आपल्या हातून काही झालं असेल तर ते हेच, असं त्यांना सांगायचे. तेव्हा नवरा दुसरीकडे बघायचा, इतका तो लाजायचा.

दोन हजार पाचच्या पुरात कृष्णेचं पाणी रानात चढलं आणि उतरायचं नावच घेईना. आम्ही शाळेत मुक्कामाला होतो. परतलो तेव्हा अंथरलेलं सगळं वाहून गेलं होतं, शेवगे उभ्या उभ्या कुजले होते. तरी नवऱ्याने लगेच फावडं उचललं. पण पुढच्या उन्हाळ्यात मीठ फुटलं ते थेट आमच्या चरांतच. पाणी मुरावं म्हणून खणलेल्या चरांत वरच्या उसाचं खारं पाणी साठून राहत होतं. ते नाल्यापर्यंत काढून द्यायचं तर खालच्या अंगाच्या प्रत्येकाने थोडी जमीन सोडायला हवी होती, आणि वरच्यांनी पाणी कमी करायला. नवरा घरोघरी फिरला. सगळ्यांनी चहा पाजला. काका म्हणाले, "तुझ्या झाडांसाठी मी ऊस सोडू व्हय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता.

करंज वाळले तसं त्याने रानात जाणं बंद केलं. दिवसभर तो ओट्यावर बसायचा, जेवायला हाक मारली की उठायचा.

मी कळवलं म्हणून सर एस.टी.ने आले. आता ते काठी घेऊन चालत. एकटेच रानात जाऊन आले, बराच वेळ लागला. मग ओट्यावर त्याच्या शेजारी बसून म्हणाले, पुन्हा आखणी करू.

"कशाची, सर?" नवरा म्हणाला. "पाणी वरच्यांचं, नदी खालनं. मधी माझं रान. त्यात मी काय आखू?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

त्यांनी चहा घेतला नाही. मी त्यांना स्टँडवर सोडलं. त्यानंतर सरांनी शिबिर घेतल्याचं ऐकलं नाही. ते वारल्यावर त्यांच्या मुलाने पन्हाळ्याखालची बाग विकली, तिथे आता पर्यटकांसाठी खोल्या आहेत.

आम्ही कोल्हापुरात आलो. नवऱ्याला शाहूपुरीतल्या एका खताच्या दुकानात काम मिळालं. पोती मोजून तो संध्याकाळी घरी येतो. रान वाट्याने कसायला द्यावं म्हणून काकांना विचारलं होतं. ते पाहून आले आणि म्हणाले, तिथं आता ऊससुद्धा यायचा न्हाय.